आयर्लंडात तीन घरी दिलेला शब्द

स्कोकी, शिकागोजवळ
शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय यतीनराव,

मिरजेच्या प्रताप लाडाचा, म्हणजे नात्यानं तुमच्या थोरल्या साडूचा आणि धंद्यानं शिकागोच्या गळक्या छपरांच्या वैद्याचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. इकडं आम्ही दोघं ठणठणीत आहोत. तिकडं अ‍ॅशबर्नला तुम्ही, सौ. उत्तरा आणि चि. वीर मजेत असाल असं धरून चालतो. तुमची कंबर कशी आहे? ऑफिसनं तुम्हाला उभ्यानं काम करायचं टेबल दिलंय, असं उत्तरानं फोनवर सांगितलं. चांगलं झालं. आमच्या धंद्यात उभ्यानं काम करायची सोय पहिल्या दिवसापासून असते, फक्त पायाखालचं उतरतं असतं. वीरला आशीर्वाद सांगा. त्याला मराठी वाचता येत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं, पण हे पत्र पुरं झाल्यावर बहुधा बरं वाटेल.

व्हॉट्सअ‍ॅप असताना कागदावर का लिहितोय, असं तुम्हाला वाटलं असेल. कारण असं की आपल्या फॅमिली ग्रुपवर टाकलेली गोष्ट चहा गाळायच्या आत नागपूरला पोचते, तिथून तुमच्या-माझ्या सासूबाईंकडून शेरा मारून परत येते, आणि मग दोन्ही बहिणी मिळून आपल्याला एकेकटं गाठतात. कागद फॉरवर्ड करायला माणसाला उठावं लागतं. शिवाय गोष्ट जरा लांबलचक आहे, आणि माझ्या अंगठ्यांना कौलं धरायची सवय, ती बटणं त्यांना सोसत नाहीत.

तर मुद्दा असा की येत्या २० डिसेंबरला सकाळी पावणेनऊच्या सुमारास मला आणि पद्मजाला आयर्लंडमधल्या न्यूग्रेंज नावाच्या पाच हजार वर्षांच्या एका दगडी थडग्याच्या पोटात जाऊन उभं राहायचं आहे, आणि त्यासाठी त्याच्या जवळपास तीन रात्रींपुरती एक चांगली खोली हवी आहे. एकच खोली. एवढी साधी गरज. या साध्या गरजेनं माझं काय केलं, ते क्रमानं सांगतो.

याची सुरुवात मिसेस कीगन या बाईंच्या बंगल्यावर झाली. वय शहाऐंशी, एकट्या राहतात, माहेरच्या आयर्लंडच्या. गेल्या वसंतात त्यांचं छप्पर मी नवं करून दिलं. काम संपल्यावर त्यांच्या किचनमध्ये चहा घेताना (त्यांचा चहा आपल्या चहाइतका कडक असतो, त्यामुळं मला त्या आधीपासूनच घरच्या वाटत होत्या) मी वॉरंटीचा कागद पुढं केला. बाईंनी चष्मा लावला, कागद वाचला आणि म्हणाल्या, "दहा वर्षं? फक्त?" मी म्हटलं, मॅडम, या गावात यापेक्षा जास्त कोणी देत नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. हिरव्या गवताचा एक मोठा ढिगारा, पुढं पांढऱ्या दगडांची भिंत. म्हणाल्या, "हे छप्पर पाच हजार वर्षं झाली, गळलेलं नाही. एक थेंब नाही." मला राग आला. कोणी माझ्या शिक्षणावरून बोललं तर चालतं (बारावी दोनदा दिली, दोनदा परत आली), पण छपरावरून नाही. मी म्हटलं, मॅडम, आत कोण राहतं? म्हणाल्या, "थडगं आहे ते." मी म्हटलं, मग बरोबर, त्या गिऱ्हाइकांची तक्रार आली नसेल. बाई इतक्या हसल्या की त्यांनी मला केकचा दुसरा तुकडा दिला. पण घरी येताना ट्रकमध्ये तो थेंब माझ्या डोक्यात पडतच राहिला. एक थेंब नाही? पाच हजार वर्षं?

घरी येऊन मी आमच्या केयाला फोन लावला. (ती मिलवॉकीला लहान मुलांचे दात बघते. आमच्या घरात प्रत्येकजण काही ना काही बुजवतो. पद्मजा तेवढी फिजिओथेरपीत लोकांचे गुडघे वाकवते.) तिनं मला व्हिडिओ, लेख, नकाशे, जे सापडेल ते धाडलं. यतीनराव, खरं सांगतो, मी ते बघत राहिलो आणि भाजी गार झाली. ना चुना, ना सिमेंट, ना डांबर. लोखंड तर त्या लोकांना माहीतच नव्हतं. इजिप्तचे पिरॅमिड अजून व्हायचे होते. मोठमोठ्या शिळा एकीवर एक रचत, प्रत्येक शिळा खालच्या शिळेपेक्षा जरा पुढं सारत, वीस फूट उंचीचा घुमट केलाय, आणि शिळा बाहेरच्या अंगाला किंचित उतरत्या ठेवल्यात, पाणी आत न येता मागं ओघळावं म्हणून. वरच्या शिळांच्या पाठीवर पन्हळी कोरल्यात. फटींमध्ये जाळलेली माती आणि समुद्राची वाळू. हे बघितलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बसायचो तसा. एकतीस वर्षं मी छपरावर चढतोय. पोलिश मिस्तऱ्यांच्या हाताखाली डांबराच्या बादल्या वाहिल्या, मग स्वतःची शिडी घेतली, मग स्वतःचा ट्रक. पाणी कुठून शिरतं हे कळायला मला वीस वर्षं लागली. त्या थडग्याच्या मिस्तऱ्याला ते कळलं होतं, आणि त्यानं ते एका पिढीपुरतं नाही तर दोनशे पिढ्यांपुरतं कळून घेतलं होतं. त्याचं नाव कुठं नाही. वॉरंटीचा कागद नाही. फक्त कोरडी जमीन आहे.

आणि खरी कमाल तर पुढंच. दाराच्या वर त्यांनी एक झरोका ठेवलाय. वर्षभर त्यातून काही येत नाही. फक्त डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवसांत, चार-पाच सकाळी, उगवता सूर्य बरोब्बर त्या झरोक्यातून शिरतो, साठेक फूट लांब बोळ सरपटत येतो आणि थेट आतल्या खोलीच्या फरशीवर टेकतो. सतरा मिनिटं थांबतो. मग जातो. ढग असले तर येतही नाही. मी हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, की अरे, ही तर पाहुण्याची खोली आहे. एका पाहुण्यासाठी खोली बांधली, त्याला यायला वेगळं दार ठेवलं, तो वर्षातून एकदा, तेही आला तर, सतरा मिनिटं बसणार, आणि त्यासाठी छप्पर असं केलं की पाच हजार वर्षं त्याच्या बैठकीवर थेंब पडू नये. आपण पाहुणे येणार म्हणून फार तर चादर बदलतो.

त्या सकाळी आत मोजकीच माणसं मावतात, म्हणून चिठ्ठ्या काढतात. जगभरातून हजारोंनी अर्ज जातात. केया म्हणाली, "बाबा, यू हॅव टू अप्लाय," आणि मला कळायच्या आत माझ्या नावानं अर्ज भरून मोकळी झाली. मला आयुष्यात कधी काही लागलेलं नाही. मंडळाच्या तंबोल्यातसुद्धा माझ्या शेजारच्याला कुकर लागतो. सप्टेंबरच्या शेवटी पत्र आलं: श्री. लाड, २० डिसेंबर, सोबत एक व्यक्ती आणता येईल. मी ते पत्र देवापाशी ठेवलं. पद्मजा म्हणाली, "साठ फूट अंग चोरून जायचं, आतमध्ये काळोख, ढग असले तर काही दिसणार नाही, आणि तिकिटाचे पैसे आपले?" मी म्हटलं हो. ती म्हणाली, "मग मी येणार."

आता राहायचा प्रश्न. हिवाळ्यात तिथं साडेआठपर्यंत धड उजाडत नाही, गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालवायची, रस्ते आपल्या मळ्यातल्या पायवाटेएवढे. डब्लिनहून पहाटे निघून पोचू म्हणणं म्हणजे त्या मिस्तऱ्याचा अपमान. जवळच राहायला हवं आणि आदल्या रात्री झोप चांगली लागायला हवी, कारण सतरा मिनिटांत मला एक जांभईसुद्धा परवडणार नाही. म्हणून मी तुम्हाला फोन केला, आणि तुम्ही एका तासात तेवीस हॉटेलांचा एक्सेल तक्ता पाठवलात: रेटिंग, अंतर, ब्रेकफास्ट, पार्किंग, वरून हिरवे-पिवळे रंग. त्या तक्त्याबद्दल मी आजवर तुम्हाला नीट धन्यवाद दिले नाहीत. आता देतो. पण त्याचं काय झालं तेही ऐका.

तुमच्या पहिल्या नंबरच्या हॉटेलला (नऊ पूर्णांक दोन, गडद हिरवा) मी सकाळी सात वाजता, डेव्हन ॲव्हेन्यूवर ट्रक उभा करून फोन लावला. एक दाबा, चार दाबा, मग एक मुलगी बोलायला लागली. इंग्रजी इतकं गोड आणि लयदार की मला वाटलं आयर्लंडच्या राजाची नात असावी. पण माझे कान तुम्हाला माहीत आहेत. तिच्या मागं कोणीतरी म्हणालं, "अगं, तुझा डबा उघडू का? भेंडी आहे?" मी म्हटलं, "बाळ, कुठली तू?" पलीकडून हळू आवाजात, "काका, तुम्ही मराठी? मी आश्लेषा. वर्ध्याची. पण हे रेकॉर्ड होतं हो." मी म्हटलं, होऊ दे, तू मला एकच सांग, तुझे आईवडील जाणार असते तर तू त्यांना तिथं उतरवलं असतंस का? ती बिचारी इंग्रजीत मोठ्यांदा म्हणाली की आमच्या सर्व खोल्या आरामदायी आहेत सर, आणि मग मराठीत पुटपुटली, "काका, १९ तारखेला खाली ख्रिसमसची पार्टी आहे. तीन वाजेपर्यंत बँड. रिकामी खोली बँडच्या वरचीच राहिलीय." मी तिला आशीर्वाद दिला आणि तुमचा तक्ता बंद केला. रेटिंगमध्ये भेंडी ऐकू येत नाही, यतीनराव.

मग मी माझ्या पद्धतीनं शोधायचं ठरवलं. ज्या घरांत बायामाणसं दोन-तीन खोल्या भाड्यानं देतात, सकाळचा नाश्ता घालतात, अशा घरांचे नंबर मिसेस कीगननी आपल्या मावसबहिणीकडून मागवून दिले. मी रोज सकाळी एक फोन करायचो आणि फक्त ऐकायचो. घर कसं आहे हे बाई काय सांगते त्यावरून कळत नाही. बाई बोलत असताना मागं काय वाजतं त्यावरून कळतं.

पहिल्या मिसेस ब्रेनन. मागं भिंतीवरचं घड्याळ, लांबवर कोंबड्या, आणि आवाजाला घुमारा नाही, म्हणजे खोलीत गालिचा आहे, पडदे जाड आहेत. पाऊण तास बोललो. त्यांचा गुडघा, पद्मजानं शेजारी उभं राहून सांगितलेला गुडघ्याचा व्यायाम, त्यांच्या मुलाचं ऑस्ट्रेलियाला जाणं. खोलीचं भाडं विचारायचं राहून गेलं. शेवटी त्या म्हणाल्या, "मग येताय ना तुम्ही?" आता यतीनराव, तुम्ही सांगा, पाऊण तास बोललेल्या म्हातारीला काय उत्तर द्यायचं? आपल्याकडं कोणी "या एकदा" म्हटलं की आपण "येऊ की, नक्की" म्हणतो. तो दारातून निघताना चपला पायात घालण्याचाच एक भाग असतो. उद्या खरंच कोणी आलं तर घरचे घाबरतात. मीही म्हटलं, "येऊ की, नक्की." मनात म्हटलं, अजून दोन घरं बघू.

दुसऱ्या मिसेस फॅरल. त्या बोलत होत्या आणि मागं टप्. थोड्या वेळानं टप्. मी म्हटलं, बाई, तुमच्या घरात पाणी गळतंय. म्हणाल्या, नळ असेल. मी म्हटलं, नळ असता तर भांड्यात इतक्या उंचीवरून पडला नसता, आणि प्रत्येक थेंब ठराविक वेळानं पडला असता. हा मध्येच दम खातो, म्हणजे वाऱ्यावर आहे. तुमच्या चिमणीच्या बुडाला जो पत्रा मारलेला असतो तो पश्चिमेच्या बाजूनं उचललाय. बाईंनी बघते म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. त्यांचा भाऊ शिडी लावून चढला होता आणि पत्रा पश्चिमेच्याच बाजूनं उचललेला निघाला. "चार वर्षं, चार गवंडी," बाई म्हणाल्या, "आणि तू चार हजार मैलांवरून! खोली तुझी. येशील ना?" त्या आवाजात असं काही होतं की मी "नक्की" दोनदा म्हटलं.

तिसरे मायकेल मास्तर, निवृत्त, गोठ्याची खोली करून भाड्यानं देतात. त्यांच्या मागं काहीच वाजत नव्हतं. अशी शांतता मी मिरज सोडल्यापासून ऐकली नव्हती. मास्तरांनी मलाच फैलावर घेतलं. कुठले तुम्ही? मूळ गाव? गाव कशासाठी प्रसिद्ध? (तंतुवाद्यांसाठी म्हटल्यावर स्वर जरा मऊ झाला.) वडील काय करायचे? जमीन किती होती? कोणी विकली? गेल्या तीस वर्षांत अमेरिकेत मला हे प्रश्न कोणी विचारले नव्हते. इथं सगळे विचारतात, हाऊ आर यू, आणि उत्तराच्या आधी पुढं जातात. जमीन चुलत्यानं विकली, हे मी पद्मजालाही इतक्या तपशिलात सांगितलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "मग आमच्याकडंच उतरा." ज्या माणसाला आपण चुलत्याचं सांगितलं त्याला नाही कसं म्हणणार? म्हटलं, येऊ की.

आणि मग गेल्या सोमवारी एकाच दिवशी तीन गोष्टी आल्या. मिसेस ब्रेननचा ईमेल: पद्मजा अंडी खाते का? मिसेस फॅरलचा फोटो: कोरडं छत, खाली रिकामी बादली, बादलीत फुलं. आणि पोस्टानं मास्तरांच्या हातचा नकाशा, त्यात प्रत्येक वळणावर कोणाचं घर आणि त्याचा स्वभाव. पद्मजानं तिन्ही टेबलावर ओळीनं मांडली आणि चष्म्यावरून बघत म्हणाली, "अहो, आपण माणसं किती?"

"दोन."

"रात्री किती?"

"तीन. १८, १९, २०."

"आणि तुम्ही येतो म्हणून किती घरी सांगितलंय?" मी नकाशाची घडी घालायला लागलो. ती म्हणाली, "तुम्हाला कोणाला नाही म्हणता येत नाही, हे लग्नाआधी का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, "तेव्हा तू विचारलंस, आणि मी हो म्हटलं." तीन दिवस आमच्याकडं फक्त डाळभात झाला.

तुम्हाला वाटेल, एवढं काय, दोघांना फोन करून कळवा. यतीनराव, तुम्ही नोकरी केलीत, तुमच्या पाठीशी कंपनी आहे. माझ्यापाशी डिग्री नव्हती, इंग्रजी नव्हतं, कोणाची ओळख नव्हती. ज्या पहिल्या पोलिश मुकादमानं मला ठेवलं, त्याला मी म्हटलं होतं, उद्या पाचला येतो, आणि बर्फात पाचला उभा होतो. एवढ्यावर हे सगळं उभं राहिलं. शिकागोत एकही गिऱ्हाईक म्हणणार नाही की प्रताप येतो म्हणाला आणि आला नाही. आणि आता, ज्या माणसांनी सूर्यासाठी पाच हजार वर्षं खोली राखली त्यांच्या पंचक्रोशीत, दोन घरी गादी घातलेली राहणार आणि प्रताप लाड येणार नाही? शिवाय नकाशावरून कळलं की ही तिन्ही घरं पाच मैलांच्या आत आहेत. मास्तरांनी मिसेस फॅरलच्या घरावर लिहिलंय: "भली बाई, फार बोलते." म्हणजे २० तारखेला सकाळी थडग्याबाहेर सगळं गाव जमतं तिथं ही मंडळी थंडीत भेटणार, शिकागोचा तो छपरांचा माणूस कोणाकडं उतरलाय म्हणून एकमेकांना विचारणार, आणि मी त्या बोळातून उजेडात बाहेर येणार. आत सूर्य दिसो न दिसो, बाहेर माझा उजेड पडणार हे नक्की.

असं सगळं आहे. कधी कधी दुपारी एखाद्या छपरावर डबा खाताना मी पूर्वेकडं बघतो आणि त्या मिस्तऱ्याचा विचार करतो. त्यानं एकालाच शब्द दिला होता. तोही सूर्याला, जो फोन करून "येताय ना?" विचारत नाही. 

बाकी क्षेम. उत्तराला सांगा, पद्मजानं दिवाळीत पाठवलेले अनारसे फुटले असतील तर दोष पोस्टाचा. कंबर जपा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमचा साडू,
प्रताप

ता. क. – वर लिहायचं राहिलं ते असं. पद्मजा आणि मी मिसेस फॅरलकडं राहू, कारण तिथलं छत मला बघितलंच पाहिजे. मास्तरांकडं केयाला पाठवतो, तिथं "प्रतापची मुलगी" म्हणून खपेल. (ती म्हणाली, "बाबा, धिस इज फ्रॉड." मी म्हटलं, शब्द पाळणं म्हणतात त्याला.) राहिल्या मिसेस ब्रेनन. त्यांनी मला पाहिलेलं नाही. तर तुम्ही आणि उत्तरानं १८ डिसेंबरला डब्लिनला यावं आणि तीन रात्री त्यांच्याकडं प्रताप आणि पद्मजा म्हणून राहावं, ही कळकळीची विनंती. अवघड काही नाही. लॅपटॉप उघडायचा नाही. छपराबद्दल कोणी विचारलं तर वर बघायचं, मनात तीन अंक मोजायचे, "हं" म्हणायचं आणि विचारायचं, "चिमणी कधीची?" पुढचं ते स्वतःच सांगतात, माझा निम्मा धंदा यावर चालतो. उत्तराला गुडघ्याचा व्यायाम पद्मजा फोनवर शिकवेल. तिकिटं मी काढतो. रेटिंग विचारू नका.

ता. क. २ – सोमवार. पत्र पाकिटात घालण्याआधी पद्मजानं वाचलं आणि माझ्या हातात फोन दिला. "आत्ता. माझ्यासमोर." मिसेस ब्रेननना लावला. मी घसा साफ करून खरं सांगायला लागलो, तर त्या मध्येच म्हणाल्या, "अरे राजा, ती खोली तर मी ऑक्टोबरातच कॉर्कच्या जोडप्याला दिली." मी म्हटलं, पण मी येतो म्हणालो होतो! "म्हणालास की. किती छान म्हणालास." पण तुम्ही अंड्यांचं विचारलंत! "विचारायला नको का?" मास्तरांना लावला. तिथं डिसेंबरभर त्यांची मेहुणी. मग नकाशा? "नकाशा मी सगळ्यांनाच पाठवतो. येतं कोण?" मला इतका राग आला की काय सांगू. आठवडाभर माझी झोप उडाली, आणि या लोकांनी माझा शब्द लिहूनसुद्धा ठेवला नव्हता! मिसेस ब्रेननना परत फोन करून विचारलं, माझ्यावर विश्वास नव्हता का? त्या म्हणाल्या, "होता रे, पण तू चांगला माणूस वाटलास, आणि चांगली माणसं सगळ्यांनाच हो म्हणतात. आम्हीही म्हणतो." मिसेस फॅरलनी मात्र खोली खरंच राखली आहे. त्यांचा भाऊ रोज शेगडी पेटवतो. तेव्हा राहायची सोय झाली, आणि तुम्हाला मी व्हायची गरज उरली नाही. कागद फाडून नवा लिहिणार होतो, पण इतकं चांगलं अक्षर पुन्हा येणार नाही.

ता. क. ३ – पाकीट चिकटवताना पद्मजानं शांतपणे विचारलं, "अहो, तुम्ही यतीनरावांना १८ तारखेला आयर्लंडला बोलावलंत, पण ते १८ तारखेला आपल्याकडं येणार आहेत ना?" तेव्हा मला आठवलं. मंडळाच्या गणपतीला तुम्ही इकडं आला होतात तेव्हा, प्रसादाच्या रांगेत, मी तुम्हाला म्हटलं होतं, "नाताळच्या सुट्टीत याच सगळे, १८ ला या, आठ दिवस राहा, काही कारण चालणार नाही." आणि तुम्ही म्हणाला होतात, "येतो की, नक्की." तर एका ओळीत कळवा, राग मुळीच नाही: तुमचं ते "नक्की" मिसेस ब्रेननच्या वाणाचं होतं की मिसेस फॅरलच्या? ब्रेननच्या वाणाचं असेल तर आपण दोघंही सुटलो. फॅरलच्या वाणाचं असेल आणि तिकिटं काढली असतील, तर किल्ली शेजारच्या शरयूताईंकडं ठेवतो, हीटर चालू असेल, फ्रीजरमध्ये पुरणपोळ्या आहेत, आणि छप्पर गळणार नाही याची दहा वर्षांची हमी देतो. फक्त माझं "याच" कोणत्या वाणाचं होतं, ते कृपा करून विचारू नका.